पाच पाण्यांची चाचणी

बाईंनी टेबलावर पाच पेले ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, "एकेक घोट घेऊन बघ. मग सांग, अनंताच्या रोपांना यातलं कुठलं पाणी द्यायचं."

मी पहिला पेला तोंडाला लावला. ते बोरचं पाणी होतं. लहानपणापासून तेच पीत आले होते, ओळखायला कशाला हवं? दुसरं जिभेला गुळगुळीत आणि जरा मचूळ लागलं. तिसऱ्या आणि चौथ्यात मला काडीचाही फरक कळला नाही. पाचव्याला पत्र्याचा वास होता.

"पाचवं पावसाचं," मी म्हणाले. "बाकीची नाही कळत."

"दुसरं सॉफ्टनरचं. तिसरं आरओचं. आणि चौथं प्यालीस ते बॅटरीत घालायचं पाणी," बाई म्हणाल्या. "गॅरेजमधून आणवलंय. मरणार नाहीस, बस."

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. सांगोल्याच्या बाहेर, मिरज रस्त्याला केदारबाईंची रोपवाटिका होती. बाईंनी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी रोपवाटिका काढली, पण शाळा काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. खत आणणारा टेम्पोवालासुद्धा त्यांच्यासमोर उभा राहताना शर्टाची वरची गुंडी लावायचा. मी वैजयंता, कृषीची पदवी घेऊन तीन महिन्यांपूर्वी तिथं तात्पुरती लागलेली.

अडचण अनंताची होती. कोल्हापूरकडच्या एका देवस्थानाला बागेसाठी सहाशे अनंत हवे होते. आदल्या वर्षीही बाईंनी कलमं केली होती, आणि ती सगळीच्या सगळी आमच्या बोरच्या पाण्यानं पिवळी पडून मेली होती. आमच्याकडचं पाणी कुंडीत घातलं की महिन्याभरात कुंडीच्या काठाला पांढरा खार धरतो. कण्हेर, बोगनवेल असली दांडगी झाडं ते पचवतात. अनंताचं तसं नाही, त्याला जरा आंबट माती लागते आणि आमचं पाणी पडलं पार उलट्या स्वभावाचं. तेव्हा पाणी बदलायला हवं हे ठरलेलं होतं. कुठलं घ्यायचं तेवढंच ठरायचं होतं.

सॉफ्टनरवाला रोज फोन करत होता. त्याचं म्हणणं, माझं मशीन पाण्यातला सगळा चुना काढतं. आरओचं मशीन पाणी चांगलं द्यायचं, पण एक बादली द्यायला दोन बादल्या फेकायचं, आणि सांगोल्यात पाणी फेकणं म्हणजे पाप. पावसाचं पाणी फुकट, पण टाकीत असेल तेवढंच. बॅटरीचं पाणी सगळ्यांत शुद्ध. ते बाईंनी केवळ माहितीसाठी आणलं होतं.

"कोण काय म्हणतं त्यावर मी जात नाही," बाई म्हणाल्या. "पन्नास रोपं घे. दहा-दहाचे पाच गट. एकेका गटाला एकेक पाणी. नव्वद दिवस. रोज नोंद. आणि वैजयंता, पाणी घालताना तू स्वतः समोर पाहिजेस. एक दिवस चुकला तर चाचणी बाद."

"हो बाई."

"चाचणी चोख झाली तर तुला कायम करते. तुझ्या वडिलांशी बोलायचं ते मी बोलेन."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आमच्या अण्णांनी मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर अकलूजकडचं एक स्थळ त्यांनी हातात धरून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या आईनं पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "शिकलीयस ते ठीक, पण जनावरांचं शेण काढता येतं ना?" शेणाचं मला काही वाटलं नाही. आता आयुष्यभर एवढंच विचारलं जाईल, हे मात्र मला तिथंच समजलं. म्हणजे माझं सगळं त्या पन्नास कुंड्यांवर आलं होतं.

कुंड्यांना मी रंगाचे पट्टे ओढले. बोरला काळा, सॉफ्टनरला निळा, आरओला लाल, बॅटरीच्या पाण्याला पांढरा, पावसाला हिरवा. पाच झाऱ्यांनाही तेच रंग लावले, म्हणजे चूक व्हायला जागाच नको. झाऱ्या उचलायचं काम बिरूआबांचं होतं.

बिरूआबा बाईंकडे पहिल्यापासून होते. साठी उलटलेली, डोक्याला पिवळा पटका, बोलणं बेताचं. उभी हयात मेंढरांमागे गेली होती. गुडघे गेले, तेव्हा पोरांनी कळप विकून टाकला आणि आबा रोपवाटिकेत पाण्याला लागले. शेडमागच्या खोलीत राहायचे. मला ते "म्याडम" म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती याचा मला अंदाज यायचा नाही.

"आबा, रंगाला रंग लावायचा. काळी झारी काळ्या कुंडीला," मी समजावलं.

"व्हय. आन् ह्यातलं वंगाळ पानी कंचं म्हनायचं?"

"तेच तर बघायचंय."

"बगायचं कशापायी? काळ्या झारीचं वंगाळ हाय. गेल्या साली समदी मेली की."

"आबा, चाचणी म्हणजे चाचणी. पाचही द्यायची."

"आसं व्हय," आबा म्हणाले, आणि त्यांनी काळ्या पट्ट्याच्या दहा रोपांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

पाणी ऊन चढायच्या आत, साडेसहाला घालायचं होतं. माझं गाव सांगोल्यापासून बावीस किलोमीटर. पहिले दहा-बारा दिवस मी पहाटे दुधाच्या टेम्पोतून आले. टेम्पोवाला नात्यातला, पोराबाळांचा माणूस. तरी गावात कुजबुज व्हायची ती झालीच, आणि अण्णांनी एका वाक्यात विषय संपवला. "एसटीनं जायचं असंल तर जा, न्हायतर घरी बस."

एसटी मला सांगोल्यात पावणेनऊला सोडायची. बाई रोपवाटिकेत यायच्या दहाला.

तेव्हाच बाईंना सांगायला हवं होतं. पण चाचणी बाद होईल, या भीतीनं माझी जीभ रेटेना. मी आबांना म्हटलं, "आबा, सकाळचं पाणी तुम्ही घालत जा. मी आले की वहीत लिहीन."

"घालतो की. त्यात काय सांगायचं?"

वहीत एक रकाना होता, 'पाणी देताना हजर'. त्यात मी रोज सही करत गेले. पहिल्या दिवशी हात जरा अडखळला. चौथ्या दिवसापासून सहीचं वळण उलट सुधारलं.

पानांच्या नोंदी मात्र मी खऱ्या करायचे. प्रत्येक कुंडीची पानं मोजायची, नवी किती, पिवळी किती, करपलेली किती, सगळं. ऑगस्ट उजाडला तसा बोरचा काळा गट पिवळा पडू लागला. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा. त्याहून वाईट दशा निळ्या गटाची होती. सॉफ्टनरच्या पाण्यानं पानांच्या कडा इस्त्रीनं जाळल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. हिरवा आणि लाल गट मजेत होते. मी मनात निकाल लावूनही टाकला.

आणि मग ऑगस्ट सरता सरता सगळं फिरलं.

निळ्या गटाला कोवळी पालवी फुटली, चकचकीत हिरवी. पाठोपाठ काळ्या गटालाही. पावसाच्या पाण्यावरचा हिरवा गट जागच्या जागी थांबला, त्याची पानं फिकटली. लाल गट बरा होता, पण एकूणात निळ्याच्या मागं पडला. मी दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. कॉलेजची पुस्तकं काढून बघितली. कुठंही काही सापडेना, तेव्हा मी शिकलेल्या माणसानं करायचं तेच केलं. जे दिसतंय ते खरं मानलं, आणि त्याला कारण शोधून दिलं. 'रोपांनी सॉफ्टनरच्या पाण्याशी जुळवून घेतलेलं दिसतं,' असं वहीत लिहिलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

नव्वदाव्या दिवशी बाई चष्मा पुसून कुंड्यांसमोर बसल्या. एकेक रोप हातात घेऊन त्यांनी पन्नासच्या पन्नास पाहिली आणि वही वाचली. दुपारचा एक वाजला.

"मला वाटलं होतं पाऊस नाहीतर आरओ," त्या म्हणाल्या. "पण नोंदी म्हणतात सॉफ्टनर. मग सॉफ्टनर." वही मिटून त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. "चोख काम केलंस. रविवारी तुझ्या वडिलांकडे येते."

बाई गेल्यावर मी झाऱ्या धुवायला लागले. आबा मागे येऊन उभे राहिले.

"म्याडम, मशिनीचं पानी झाडास्नी घालनार म्हनं?"

"हो आबा. निळा गट बघितला ना, कसा तरारलाय?"

"त्यो तरारलाय त्यो पावसाच्या पान्यावर."

मला आधी कळलंच नाही. आबा खाली बसले आणि काहीही न लपवता, जणू कालचा बाजार सांगावा तसं सांगत गेले.

"मेंढरं व्याया लागली की एकांदं कोकरू वाळकं निगतं. आय त्येला पाजत न्हाई. मग दुसऱ्या धट्ट्या मेंढीचे पाय धरायचे आन् त्येला लावायचं. तिचं स्वतःचं कोकरू जरा उपाशी ऱ्हातं, पर त्ये सोसतं. दोनी जगत्यात. निळी झाडं पार जाया लागली, मग मी त्यास्नी पावसाचं घातलं. काळ्यास्नी बी. टाकीत पानी कमी, मग हिरवी व्हती धट्टी, त्यास्नी बोरचं घातलं. रोज न्हाई. येक दिस आड."

"पण आबा, मी सांगितलं होतं ना, रंगाला रंग..."

"सांगितलं व्हतं की. पर तुमी सकाळी बगाय नव्हता," आबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "डोळ्यांदेखत कसं मारायचं? न्हाई जमलं मला."

माझ्या हातातली झारी तशीच राहिली. तीन महिने. सगळी वही खोटी, आणि तीही अशी खोटी की सगळ्यांत वाईट पाणी पहिलं आलं होतं. बाईंना सांगायचं तर पहिला प्रश्न येणार, तू समोर असताना हे झालं कसं? त्याचं उत्तर माझ्या सहीनं नव्वद वेळा दिलेलं होतं.

"आबा," मी म्हणाले, "दोन-चार दिवस कुणाला बोलू नका."

"नगं तर नगं. पर मशिनीचं पानी घालू नगा."

सोमवारी मोठं मशीन बसलं. नुकत्याच कुंड्यांत लावलेल्या सहाशे अनंतांना सॉफ्टनरचं पाणी सुरू झालं, आणि मी मूग गिळून गप्प बसले. आदल्या दिवशी, रविवारी, बाई आमच्या घरी येऊन गेल्या होत्या. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. बाईंनी गावातल्या अर्ध्या बायकांना शिकवलेलं होतं. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे आणि प्रामाणिक आहे. मला अशीच पाहिजे." अण्णा म्हणाले, "तुमी म्हणताय तर काय प्रश्नच न्हाई." अकलूजला नकार कळवायचं ठरलं. आईनं बाईंची खणानारळानं ओटी भरली. मी चहाचे कप उचलत होते आणि माझ्या कानात सारखं एकच वाजत होतं, सांग, आता सांग. मी कप विसळले.

पुढच्या आठवड्यात सहाशेंपैकी पहिल्या दोन वाफ्यांची पानं कडेनं करपली. बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. त्या दिवशी त्यांनी एक पान तोडलं, डोळ्यांसमोर धरून उन्हात पाहिलं आणि शेडमध्ये येऊन खुर्चीवर बसल्या.

"वैजयंता, बिरूला हाक मार. तूही थांब."

आबा आले. पटका काढून काखेत धरला.

"बिरू, नव्वद दिवस या झाडांना सॉफ्टनरचं पाणी चाललं आणि आता त्यांच्या भावंडांना चालेना. असं होत नसतं. पाणी घालताना काय झालं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्या बदललं पानी," ते म्हणाले.

"काय?"

"निळी आन् काळी मरत व्हती. त्यास्नी पावसाचं घातलं."

बाईंनी हातातलं पान मांडीवर ठेवलं. शेडबाहेर आरओचं फेकपाणी हौदात पडत होतं, त्याचा आवाज येत होता. मग त्या अगदी हळू, वर्गात चोरी पकडल्यावर विचारावं तशा म्हणाल्या, "वैजयंता तिथं होती?"

आता मला बोलायचं होतं. शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं होतं.

"व्हत्या की," आबा म्हणाले. "रोज व्हत्या. पर त्यांचं ध्यान वहीत. पानं मोजायच्या. त्यांची मान खाली गेली की म्या झारी बदलायचो."

बाई माझ्याकडे वळल्या. "असं?"

मी मान हलवली. तोंडातून शब्द काढायचेही कष्ट मला पडले नाहीत.

"बिरू, तू अडाणी आहेस असं मला कधी वाटलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता, आणि त्या रागावल्या आहेत की दुखावल्या आहेत ते कळत नव्हतं. "एकदा तोंडानं सांगायचंस, की बाई मला हे करवत नाही. मी दुसरा माणूस लावला असता. लपवलंस का? आता सहाशे रोपं जातील. उद्यापासून येऊ नकोस."

"बराय बाई," आबा म्हणाले.

सामान म्हणजे एक घोंगडं, एक पेटी आणि तवा. मी खोलीच्या दारात उभी राहिले. आबाच बोलले.

"वही आना तुमची. लिवून घ्या."

"काय लिहायचं?"

"कंच्या झाडाला काय घातलं त्ये. त्याबिगर सहाशे कशी जगायची?"

मी वही आणली. आबांना अक्षर येत नव्हतं. पण एवढ्या आयुष्यात शेकड्यांनी मेंढरं तोंडावरून ओळखलेला माणूस तो, पन्नास रोपं त्याला काय जड होती? उंबऱ्यावर बसून ते डोळे मिटून सांगत गेले. निळ्यातली पहिली सहा, नागपंचमीपासून एक दिवसाआड पावसाचं. उरलेली चार पोळ्यापासून, रोज. काळ्यातली आठ, तशीच. उरलेल्या दोनांना काही नाही, ती आधीच गेली होती, मग बाईंनी पाहू नये म्हणून त्या जागी दुसरी लावली; रोज पानं मोजूनही ते मला कळलं नव्हतं. हिरव्यांना बोरचं कुठल्या दिवसापासून, तेही. पांढऱ्यांना हात लावला नाही. ती बॅटरीच्या पाण्यावर जगली, पण वाढली नाहीत.

"नुसतं सोवळं पानी," आबा म्हणाले. "त्यात खायालाच काय न्हाई. कशी वाढत्याल?"

"आणि लाल? आरओची?"

"लालातली तिसरी आन् सातवी बगा. समद्यांत भारी ती हायती. ती दोन वळणावर व्हती, माझी काळी झारी तितंच संपायची. तळाचं बोरचं उरलं की त्यास्नी घालायचो, वर मशिनीचं लाल झारीतलं. सात हिस्सं त्ये आन् एक हिस्सा बोरचं. तसं द्या समद्यास्नी. आन् आदी दोन-तीनदा भरपूर पानी सोडून कुंड्या धुवून काडा, निळ्या पान्याचं मीठ उतराय पायजे."

मी दोन तास लिहीत होते. पाण्याबद्दल त्या वहीत एवढंच खरं लिहिलं गेलं. लिहून झाल्यावर आबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि ते मिरज रस्त्यानं चालू लागले. गुडघे दुखायचे म्हणून जरा तिरपे चालायचे. पेटी फाटकापर्यंत मी धरली, पुढं त्यांनी धरू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंपुढे कागद ठेवला. सात भाग आरओ, एक भाग बोर. आधी कुंड्या धुवून काढायच्या. पावसाचं पाणी असेल तोवर तेच. खाली कुठल्या रोपावरून हे काढलं त्याचा तक्ता होता. बाईंनी दोनदा वाचला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"नोंदींवरून काढलं, बाई."

"शाबास," बाई म्हणाल्या. "त्या माणसानं घातलेल्या घोळातूनही तू काहीतरी काढलंस."

सहाशेंपैकी पाचशे चौऱ्याऐंशी अनंत जगले. मार्गशीर्षात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. पुढं बाईंनी एका कृषी मेळाव्यात ते सात-एकचं प्रमाण माझ्या नावानं सांगितलं, आणि आसपासच्या चार रोपवाटिकांनी ते उचललं. अजूनही लोक मला पाण्याचं विचारायला फोन करतात. मी सांगते. पैसेही घेते.

पत्र मिळालं त्याच आठवड्यात मी आबांच्या वाडीला गेले. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले होते. आधी आबांना सांगायचं, मग बाईंना. आबा दुसऱ्याच कुणाची चाळीस मेंढरं वळत होते. माळावर बसले होते, गुडघ्याला कसलातरी पाला बांधलेला. मला बघून त्यांनी घोंगडं अर्धं माझ्याकडे सरकवलं.

"जगलं का अनंत?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"जगले. पाचशे चौऱ्याऐंशी."

"ब्येस झालं. आन् तुमची नोकरी?"

"पक्की झाली. आबा, मी बाईंना सांगणार आहे. की मी सकाळी नसायचे. तुम्ही उगीच..."

"कशापायी?" आबांनी मला मधेच तोडलं. "तुमी सांगितलं म्हून बाई मला परत बोलवत्याल व्हय? पानी म्या बदललं त्ये बदललंच की. मग तुमची बी जायाची. तुमचा बा लगीन लावून मोकळा व्हईल. दोगांचं जाऊन कुनाचं भलं व्हतंय त्यात? गप ऱ्हावा."

"पण आबा..."

"गप ऱ्हावा म्हनतो न्हवं."

एक मेंढी लांब चालली होती. त्यांनी तोंडानं आवाज केला, ती वळली. मला वाटलं, आता मला रडू येईल. मी वाटसुद्धा पाहिली. रडू आलं नाही.

मला हायसं वाटलं. माळावरून एसटीच्या थांब्यापर्यंत दोन मैल मी चालत आले आणि सगळी वाट मला फक्त हायसं वाटत होतं. थांब्यावर एक बाई पेरू विकत होती. मी अर्धा किलो घेतले, तिथंच दगडावर बसून दोन खाल्ले, आणि ते मला फार गोड लागले.